जुन्या टूरिंग सायकलचे ब्रेक: लिव्हर कडक, तरी सायकल थांबत नाही. सल्ला हवा

दूरपल्ला

नमस्कार. माझ्याकडे १९८०च्या दशकातली स्टील फ्रेमची टूरिंग सायकल आहे, सेकंडहँड घेतलेली. ड्रॉप हँडल, पुढे-मागे कँटिलिव्हर ब्रेक (दोन वेगळे आर्म, मधून केबल वर ओढली की पॅड रिमवर दाबणारे), लिव्हर बहुतेक मूळचेच. चाकं मात्र आधीच्या मालकाने बदललेली दिसतात, कारण रिम बाकी सायकलपेक्षा बऱ्याच नव्या आहेत. चालवायला सायकल इतकी सुंदर आहे की ती बदलायचा विचारही मनात नाही. अडचण फक्त ब्रेकची आहे.

पुढचा ब्रेक: लिव्हर जरासा दाबला की पॅड लगेच रिमला टेकतात आणि लिव्हर एकदम कडक होतो. पण नंतर कितीही आवळा, वेग हळूहळूच उतरतो. वर किंचाळतो तो वेगळाच. आणि खूप जोर लावला तर थांबता थांबता पुढचा फोर्क पुढे-मागे थरथरतो, हँडलला हादरे बसतात.

मागचा ब्रेक: लिव्हर अर्धा आत जाईपर्यंत काहीच होत नाही. सोडल्यावर सावकाश परत येतो आणि डाव्या बाजूचा पॅड रिमला घासत राहतो.

मोकळ्या सायकलवर सपाट रस्त्याला निभावतं. पॅनियर (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या) भरून उताराला लागले की भीती वाटते. नवे पॅड घेऊ, केबल बदलू, की सरळ नव्या पद्धतीचे, लांब उभ्या आर्मचे व्ही-ब्रेक लावू? घरी अॅलन की, साधे पाने, पक्कड आणि कानस आहे. हाताने काम करायची तयारी आहे.

पानापक्कड

ताई, अजून काही विकत घेऊ नका. तुमच्या वर्णनात किमान तीन वेगवेगळे बिघाड आहेत आणि त्यातले दोन बहुधा फक्त पान्याने सुटतील.

आधी सुरक्षेची तपासणी. लिव्हर पूर्ण दाबून धरा आणि केबलची गुंडी लिव्हरमध्ये जिथे बसते तिथे टॉर्च मारून बघा. केबलची एकही बारीक तार तुटून बाहेर आलेली दिसली तर तशी सायकल चालवू नका. केबल बहुतेक वेळा तिथेच तुटते, आणि तुटण्याआधी बाहेरून काहीच कळत नाही. तसंच आडवी केबल, म्हणजे दोन्ही आर्मना जोडणारी आखूड केबल, आर्मवर जिथे आवळलेली आहे तिथेही बघा.

मग बिघाड वेगळा काढायचा. ब्रेक म्हणजे तीन भाग: लिव्हर ते ब्रेकपर्यंतची केबल, आर्म आणि ते ज्यांवर फिरतात त्या खुंट्या, आणि पॅड-रिम. तिन्ही एकदम बघितले की गोंधळ होतो, म्हणून मागच्या ब्रेकपासून असं करा:

आडव्या केबलचं एक टोक आर्मच्या खाचेतून सोडवा. आता दोन्ही आर्म मोकळे झाले. हाताने एकेक आर्म आत दाबून सोडा. झटकन परत आला पाहिजे. डावा रेंगाळत असेल तर दोष त्याच्या खुंटीत किंवा स्प्रिंगमध्ये आहे, केबलशी त्याचा संबंध नाही.

मग योक, म्हणजे आडवी केबल जिला लटकते तो तिकोनी तुकडा, एका हाताने खाली ओढून धरा आणि दुसऱ्या हाताने लिव्हर दाबा-सोडा. केबल खरखरत, अडखळत सरकली तर आउटर, म्हणजे केबलभोवतीची नळी, आतून गंजलेली आहे किंवा तिचं टोक चेपलेलं आहे.

हे करून सांगा. शिवाय पुढच्या ब्रेकचं एक निरीक्षण हवं आहे: योक टायरपासून किती उंचावर आहे, आणि पॅड रिमच्या कोणत्या भागावर टेकतात, वर टायरजवळ, मध्यावर की खाली आऱ्यांजवळ?

चाकजोड

वरच्या सगळ्याशी सहमत. त्यात माझी एक भर, कारण चाकं बदललेली आहेत असं तुम्ही लिहिलंय.

टायरच्या बाजूला कोरलेला आकडा वाचा. त्या काळातल्या बऱ्याच टूरिंग सायकलींना २७ इंची चाकं असत. त्या रिमचा व्यास, म्हणजे टायर जिथे बसतं तिथला, ६३० मिमी. आज सगळीकडे मिळणारं ७००सी चाक ६२२ मिमीचं. नाव वेगळं, दिसायला जवळजवळ सारखं, आणि फ्रेममध्ये बिनतक्रार बसतं. पण व्यासात ८ मिमीचा फरक म्हणजे त्रिज्येत ४ मिमीचा. चाक बदलून पॅड तिथेच ठेवले तर ते ४ मिमी वर टेकणार, म्हणजे अर्धे टायरवर. टायरची बाजू पातळ असते. पॅड तिला रोज थोडं थोडं कापत जातो आणि एक दिवस टायर फाटतं, तेही नेमकं ब्रेक दाबलेला असताना.

दुसरं, रिमची झीज. ब्रेक लागतो त्या पट्ट्यावर एक सरळ पट्टी उभी धरा आणि मागून उजेड बघा. मधे खोलगट दिसत असेल तर रिम झिजली आहे. अॅल्युमिनियमच्या नव्या रिमची भिंत साधारण दीड मिमी जाड असते. ती १ मिमीच्या खाली गेली की मी ती रिम वापरत नाही. हवेचा दाब ती भिंत आतून सतत बाहेर ढकलत असतो, हे विसरू नका. काही रिमवर बारीक खाच किंवा ठिपका कोरलेला असतो. तो दिसेनासा झाला की रिम संपली.

दूरपल्ला

दोघांचेही मनापासून आभार. सगळं करून बघितलं.

टायरवर ३२-६२२ लिहिलंय, म्हणजे चाकजोड यांचा अंदाज बरोबर. पुढे दोन्ही पॅडचा वरचा काठ टायरला टेकतोय. डाव्या बाजूला टायरवर फिकट रेघही उमटली आहे, पण कापलेलं नाही, दोरे दिसत नाहीत. रिम पट्टीला सपाट लागते, खाच स्पष्ट दिसते.

पुढचा योक बराच उंच आहे. टायरपासून मोजला तर साधारण ११ सेंमी वर. आडवी केबल त्यामुळे उभट दिसते, उलट्या इंग्रजी व्हीसारखी.

मागे: डावा आर्म हाताने दाबला तरी जागच्या जागी अडकून राहतो. उजवा बरा आहे. केबल ओढून बघितली, खरखर नक्की जाणवते, विशेषतः लिव्हरजवळच्या वळणात.

पानापक्कड

झकास, आता चित्र स्वच्छ झालं. पुढच्या ब्रेकपासून सुरू करतो, कारण थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं हलकं होतं.

लिव्हर कडक लागला की ब्रेक घट्ट आहे असं सगळ्यांना वाटतं. कँटिलिव्हरच्या बाबतीत हे बहुतेक वेळा उलट असतं. लिव्हर लवकर कडक होतो याचा अर्थ केबल थोडी सरकली तरी पॅड खूप सरकतात. पॅड जास्त सरकतात म्हणजे जोर कमी पोचतो. तरफेचा साधा नियम आहे, अंतर आणि जोर दोन्ही एकदम वाढत नाहीत. चांगला लावलेला कँटिलिव्हर हाताला थोडा मऊ लागतो. हँडलला टेकेल इतका नाही, पण दाबत गेलं की दबत जाणारा.

ही तरफ ठरते योकच्या उंचीवर. आडवी केबल आडव्या रेषेशी जो कोन करते तो बघा. योक वर ओढला जातो तेव्हा त्या केबलच्या दोन्ही बाजूंना ताण येतो. कोन ४५ अंश असेल तर प्रत्येक बाजूचा ताण मुख्य केबलच्या ०.७ पट. ३० अंशाला बरोबर १ पट. २० अंशाला जवळजवळ दीडपट. म्हणजे तुमच्या बोटांचा जोर तोच, पण योक खाली आणला की आर्म ओढणारा ताण दुप्पट होऊ शकतो, आणि यासाठी लागतो फक्त एक पाना.

एक भेद मात्र लक्षात घ्या. तुमचे आर्म फ्रेमपासून खूप बाहेर, आडवे पसरलेले आहेत की बऱ्यापैकी उभे, फ्रेमला लागून? उभ्या आर्मवर योकच्या उंचीचा परिणाम फार मोठा होतो. आडव्या पसरलेल्या जुन्या पद्धतीच्या आर्मवर तो कमी जाणवतो, कारण केबल फार सपाट झाली की आर्मला खेचण्याची तिची दिशा बिघडते. तिथे केबल आणि आर्म यांच्यात काटकोन होईल इतपतच योक खाली घ्यायचा.

क्रम असा ठेवा. आधी पॅड ४ मिमी खाली घ्या, मग योक. उलट केलंत तर सगळं दोनदा लावावं लागेल. पॅड खाली घेतल्याने एक फायदा आपोआप मिळतो. पॅड खुंटीच्या जवळ येतो, तरफेचा तो हात आखूड होतो आणि जोर वाढतो. खुंटीपासून पॅड ३० मिमीवर होता आणि २६वर आला, तर त्याच ताणाला सुमारे १५ टक्के जास्त दाब.

पॅड बसवताना: त्यांची दांडी गुळगुळीत असेल, आट्यांची नाही, तर एकाच बोल्टवर उंची, पुढे-मागे, तिरकस, सगळंच एकदम हलतं. बोल्टचं डोकं अॅलन कीने धरून ठेवा आणि नट पान्याने आवळा, म्हणजे आवळताना पॅड फिरणार नाही. दोन्ही बाजूंच्या दांड्या आर्मपासून रिमच्या बाजूला सारख्याच लांबीने बाहेर ठेवा. यात फरक राहिला तर ब्रेक कधीच मध्यावर येत नाही आणि माणूस उगाच स्प्रिंगशी झगडत बसतो.

पॅडचं पुढचं टोक, म्हणजे चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेचं, रिमला आधी टेकलं पाहिजे आणि मागे साधारण १ मिमी फट राहिली पाहिजे. जाड कार्डाचा तुकडा पॅडच्या मागच्या टोकाखाली ठेवून पॅड रिमवर दाबायचा आणि तसाच आवळायचा. किंचाळणं बहुतेक वेळा इथेच थांबतं.

योक टायर आणि मडगार्डपासून बोटभर तरी वर राहू द्या. पॅड-रिमची फट दोन्हीकडे २ मिमीच्या आसपास. रिम आऊट असेल, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डोलत असेल, तर इतक्या कमी फटीत ती घासेल, म्हणून आधी चाकाचं आऊट काढून घ्या. शेवटी लिव्हर पूर्ण ताकदीने दाबा. हँडलपासून बोटभर अंतर उरलं पाहिजे. टेकत असेल तर योक थोडा वर घ्या.

ओलारस्ता

पॅडबद्दल मी सांगते, कारण पावसात लांब पल्ला मारताना माझा सगळा जीव त्यांच्यावरच अवलंबून असतो.

जुने पॅड ओळखायची सोपी खूण: नख रुतवून बघा. रबर अजिबात दबलं नाही, पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल, तर त्यांना निरोप द्या. रबर वयाने कडक होतं, वापर कमी असला तरी. अगदीच मूळचे पॅड असतील तर घासून काही उपयोग नाही.

पॅड मऊ असतील तर सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून वरचा चकचकीत थर काढा. मग सुईने त्यात रुतलेले चंदेरी कण एकेक उपटून काढा. हे कण अॅल्युमिनियमचे असतात, तुमच्याच रिमचे. ओल्या रस्त्यावरची वाळू पॅडमध्ये घुसते, रिम खरवडते, ते खरवडलेलं धातूचं चूर्ण पुन्हा पॅडमध्ये बसतं आणि तेच रिम आणखी खरवडतं. ब्रेक दाबल्यावर खर्र असा धातूचा आवाज आला की मी थांबून पॅड बघते, पुढच्या मुक्कामाची वाट बघत नाही.

रिमचा पट्टा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं काळं येणं थांबेपर्यंत. तेलाचा स्प्रे चाकाच्या आसपासही नको. चेनला तेल देताना मागच्या रिमवर उडतं, म्हणून तेव्हा रिमवर फडकं धरत जा.

नवे घ्यायचे ठरले तर माझी पहिली पसंती कूल-स्टॉपचे सॅमन रंगाचे पॅड. ओल्यात पकडतात आणि रिमशी सौम्य वागतात. मात्र घेताना दांडी बघून घ्या. जुन्या कँटिलिव्हरला गुळगुळीत दांडी लागते. व्ही-ब्रेकचे पॅड आट्यांच्या दांडीचे असतात, ते तुमच्या आर्मवर बसणार नाहीत.

आणि हे तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी: रिम क्रोम केलेली स्टीलची असेल तर ओल्यात कुठलाही पॅड कोरड्यासारखा धरणार नाही. तिथे अॅल्युमिनियमची रिम बसवणं हाच उपाय आहे. जुन्या सायकलवर करता येणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा, असं माझं ठाम मत आहे.

पानापक्कड

मागच्या ब्रेकचं राहिलं होतं.

डाव्या आर्मचा बोल्ट काढा, बहुधा ५ मिमीची अॅलन की लागेल. आर्म आणि स्प्रिंग बाहेर ओढा. स्प्रिंगचं टोक फ्रेमवरच्या कोणत्या भोकात होतं ते आधी बघून ठेवा. तिथे साधारणपणे तीन भोकं असतात. दोन्ही बाजूंना मधलंच भोक वापरायचं. खुंटीवर गंज आणि सुकलेलं ग्रीस दिसेल. बारीक पॉलिश पेपरने खुंटी गोल गोल घासून गुळगुळीत करा, पुसा, पातळ थर ग्रीस लावा. आर्म बोटाने ढकलला की सहज फिरला पाहिजे, पण डुगडुगता नको.

बोल्ट आवळून आर्म पुन्हा अडकला तर कोणीतरी कधीतरी तो बोल्ट फार पिळलेला आहे आणि खुंटीचं तोंड फुगलंय. फुगलेला भाग पॉलिश पेपरने हळूहळू उतरवा. कानस लावू नका, एकदा जास्त धातू गेला की आर्मला कायमचा प्ले येईल.

केबल आणि आउटर दोन्ही बदला. ब्रेकसाठी गुंडाळीच्या तारेची ५ मिमीची आउटरच हवी. गिअरची आउटर दिसायला तशीच असते, पण तिच्या तारा लांबीच्या दिशेने असतात आणि ब्रेकच्या जोराने ती फुटते. हे अजिबात चालवून घेऊ नका. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, आतलं अस्तर चेपलं असेल तर टोच्याने उघडा, प्रत्येक टोकाला टोपी बसवा. अर्धा लिव्हर वाया जातो तो बराचसा या टोकांमध्ये. वाकडं कापलेलं टोक ब्रेक दाबला की चेपतं आणि तुमचा जोर तिथेच मुरतो.

इनर केबल घेताना गुंडीचा आकार जुळवा. ड्रॉप हँडलच्या लिव्हरची गुंडी लांबट असते, सपाट हँडलच्या लिव्हरची गोल नळकांड्यासारखी. जुळत नसलेली गुंडी ठोकून बसवू नका.

दूरपल्ला

सगळं केलं आणि फरक बघून थक्क झाले. मागचा आर्म आता झटकन परत येतो. खुंटी खरंच फुगलेली होती, तुम्ही सांगितलं तसं पॉलिश पेपरने उतरवली. केबल-आउटर नवी.

पुढे पॅड खाली घेतले, टायरपासून नीट लांब आहेत. माझे आर्म उभे, फ्रेमला लागून आहेत. योक आता टायरपासून ६ सेंमीवर आणलाय. लिव्हर मऊ झाला आणि ब्रेक किती वाढला हे सांगता येत नाही. पॅड नवे लावले, सॅमनच मिळाले. किंचाळणं पूर्ण बंद.

पण थरथर गेली नाही, उलट वाढलीय. अगदी हळू वेगात जोरात दाबला की फोर्क जोरात मागे-पुढे होतो. रिमच्या जोडाचा धक्का म्हणावा तर तो चाकाच्या फेऱ्यागणिक एकदा यायला हवा ना? हा त्याहून खूप जलद आहे.

चाकजोड

बरोबर ओळखलंत, जोडाचा धक्का फेरीला एकदाच येतो. ही थरथर वेगळी आहे, आणि ब्रेक सुधारल्यावर ती वाढणं स्वाभाविक आहे.

आधी हेडसेट, म्हणजे फोर्क फ्रेममध्ये ज्यावर फिरतो ती बेअरिंग, तपासा. पुढचा ब्रेक दाबून धरा, दोन बोटं हेडसेटच्या खालच्या वाटीवर ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. बोटांना टकटक जाणवली तर हेडसेट सैल आहे. तो घट्ट करून पुन्हा चालवून बघा. पुष्कळदा इथेच संपतं.

हेडसेट घट्ट असूनही थरथर राहिली तर कारण केबलच्या मार्गात आहे. तुमच्या सायकलवर आउटर जिथे संपते तो आधार बहुधा हेडसेटवर, हँडलच्या खाली बसवलेला असेल. तिथून उघडी केबल खाली योकपर्यंत जाते. आता बघा काय होतं. ब्रेक लागला की फोर्क मागे वाकतो. स्टीलचा बारीक फोर्क तर दिसेल इतका वाकतो. तो वाकला की वरचा आधार आणि खालचा ब्रेक यांच्यातलं अंतर किंचित वाढतं. अंतर वाढलं म्हणजे केबल ताणली, म्हणजे तुम्ही न दाबता ब्रेक आणखी आवळला गेला. फोर्क आणखी वाकतो. मग रिम घसरते, फोर्क उसळून पुढे येतो, केबल सैल, ब्रेक ढिला. आणि पुन्हा तेच, सेकंदाला कितीतरी वेळा. फ्रेम जितकी उंच तितकं ते अंतर लांब, म्हणून उंच सायकलींना हा त्रास जास्त.

उपाय सरळ आहे. आउटरचा आधार हेडसेटवरून काढून फोर्कच्या क्राउनवर, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय वर जिथे जुळतात तिथे, आणायचा. क्राउनला मधोमध भोक असतं, मडगार्डचा बोल्ट जातो तेच. त्यात बसणारा छोटा आधार मिळतो. आता आधार आणि ब्रेक दोन्ही फोर्कवरच असल्याने फोर्क वाकला तरी त्यांच्यातलं अंतर जवळपास तेवढंच राहतं आणि ते चक्र सुरूच होत नाही. आउटर मात्र लांब लागेल, ती नवी कापा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा की ओढली जात नाही.

लांबउतार

मी हे सगळं वाचत होतो. माझं मत वेगळं आहे. एवढी खटपट करण्यापेक्षा व्ही-ब्रेक लावले असते तर थरथरीचा प्रश्नच आला नसता. त्यांची आउटर थेट ब्रेकच्या आर्मवर संपते, हेडसेटशी संबंधच नाही. शिमानोने १९९६मध्ये ते आणले आणि डोंगरी सायकलींवरून कँटिलिव्हर बघता बघता गेले. त्याला कारण होतंच.

पानापक्कड

थरथरीबद्दल तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. सपाट हँडलची सायकल असती तर मीही तेच सुचवलं असतं.

ड्रॉप हँडलवर अडतं ते लिव्हरमुळे. व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते, आणि हे जुने ड्रॉप लिव्हर तेवढी ओढत नाहीत. त्यांना पूर्ण लांबीचा व्ही-ब्रेक जोडला तर ब्रेक जोरदार वाटतो, पण पॅड रिमला इतके चिकटून ठेवावे लागतात की चाक जरा आऊट झालं, चिखल लागला किंवा पॅड थोडे झिजले की लिव्हर हँडलला टेकतो. लांबच्या प्रवासात नेमकं हेच होतं. आखूड आर्मचे मिनी व्ही-ब्रेक मिळतात, त्यांचं लिव्हरशी जुळतं, पण मडगार्ड आणि रुंद टायरला जागा उरत नाही.

दुसरी अडचण फ्रेमची. आजचे व्ही-ब्रेक दोन खुंट्यांमध्ये साधारण ८० मिमी अंतर धरून बनवलेले असतात. १९८०च्या दशकातल्या फ्रेमवर ते बरेचदा कमी असतं. मग पॅड वाकड्या कोनात टेकतात. ताई, तुम्हाला पुढे कधी हा विचार करायचा असेल तर आधी हे अंतर मोजा.

दूरपल्ला

हेडसेट किंचित सैल होता. घट्ट केल्यावर थरथर अर्धी झाली. क्राउनवरचा आधार बसवल्यावर पूर्ण गेली. आता कोरड्या रस्त्यावर मागचं चाक उचललं जाईल इतका पुढचा ब्रेक धरतो. लांबउतार, तुमचंही पटलं, पण लिव्हर मला आवडतात, त्यामुळे कँटिलिव्हरच ठेवते.

शेवटचा प्रश्न. पॅनियर भरून लांब उतार असेल तर ब्रेक सतत हलका दाबून ठेवायचा की सोडत-दाबत जायचं? रिम तापते म्हणतात ते किती खरं?

लांबउतार

पूर्ण खरं. हिशोब करून बघा. माणूस, सायकल, सामान मिळून ११० किलो. १०० मीटर उंची खाली आलात की सुमारे १,०८,००० जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. अॅल्युमिनियमच्या दोन रिम, प्रत्येकी अर्धा किलो धरू. त्या १ अंशाने तापायला साधारण ९०० जूल लागतात. सगळी उष्णता रिममध्येच गेली आणि वाऱ्याने काहीच थंड केली नाही असं धरलं, तर १०० मीटरला १२० अंशांची वाढ. प्रत्यक्षात वारा बरीचशी घेऊन जातो, पण लांब, तीव्र उतारावर रिम हात भाजण्याइतकी तापते. टायरमधली हवाही तापते. २५ अंशांची हवा १०० अंशांवर गेली तर आतला दाब चौथाईने वाढतो. टायर आधीच कमाल दाबाला भरलेलं असेल तर ते रिमवरून निसटू शकतं.

म्हणून रस्ता सरळ आणि मोकळा असेल तिथे ताठ बसा, अंगावर वारा घ्या, वेग थोडा वाढू द्या. जितकी ऊर्जा हवा घेईल तितकी रिमच्या वाट्याची कमी होते. वळणाच्या बरंच आधी दोन्ही ब्रेक नीट जोरात दाबून वेग उतरवा आणि पूर्ण सोडा. वेग वाढू देण्यासारखा रस्ता नसेल तर खूप सावकाश उतरा. वेळ जास्त लागतो, पण दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता कमी असते आणि ती निघून जायला सवड मिळते. सगळ्यात वाईट मधला वेग, सतत ब्रेक धरून. हवा फारशी मदत करत नाही आणि रिम मात्र भरभर तापते. अशा रस्त्यावर अधूनमधून थांबा. रिमवर पाण्याचे थेंब टाका, चर्र झालं तर तसंच उभं राहा, थंड होऊ द्या. टायरमध्ये हवा कमाल आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवा.

पानापक्कड

निघण्याआधी सोबत एक इनर केबल, एक आडवी केबल, पॅडची एक जोडी आणि ५ मिमीची अॅलन की ठेवा. पुढचं मडगार्ड काढू नका. मुख्य केबल तुटली तर आडवी केबल टायरवर पडून चाक जाम करू शकते, मडगार्ड असेल तर ती त्याच्यावर अडते. मडगार्ड नकोच असेल तर क्राउनला रिफ्लेक्टर बसवायची पट्टी तरी लावा, म्हणजे केबल तिच्यावर अडेल.

आणि कँटिलिव्हरचा पॅड झिजत जातो तसा रिमवर खाली खाली सरकतो, कारण खुंटी रिमच्या खाली असते. सामान घेऊन बरेच दिवस उतार-चढ झाले की मुक्कामाला पॅडचा खालचा काठ बघा. रिमच्या खालून रबराची कड बाहेर आलेली दिसली तर ती ब्लेडने कापा आणि पॅड २ मिमी वर घेऊन पुन्हा आवळा. ती कड तशीच वाढू दिली तर पॅड रिमखाली अडकून परत सुटत नाही.